दुकानातला जुना संगणक घरच्या सिनेमासाठी : खर्च कुठे करावा, कुठे करू नये

हिशेबासाठी घेतलेला संगणक आठ-दहा वर्षे दुकानात राबतो. मग जीएसटीचे काम वाढते, टॅलीची नवी आवृत्ती जुन्या यंत्राला झेपत नाही, नवा संगणक येतो आणि जुना माळ्यावर चढतो. पंचवटीत मालेगाव स्टँडपासून निमाणीपर्यंत अनेक दुकानांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी धूळ खात पडलेली सापडेल. घरची मंडळी म्हणतात, ती पेटी घरी आणा, टीव्हीला जोडू आणि सिनेमे पाहू. मागणी रास्त आहे. पण पेटी दुरुस्तीवाल्याकडे नेली की तो एका दमात तीन नावे घेतो : एसएसडी टाका, रॅम वाढवा, ग्राफिक कार्ड बसवा. तिन्हींची बेरीज केली तर जुन्या यंत्राच्या बाजारभावापेक्षा जास्त होते. आणि एवढा खर्च करूनही सिनेमा अडखळतच चालला, असेही पुष्कळदा घडते.

सिनेमा पाहावा की नाही आणि कोणता पाहावा, हा या पानाचा विषय नाही. तो ज्याने त्याने आपल्या घरात ठरवावा. इथे विचार फक्त रकमेचा आणि यंत्राच्या कुवतीचा आहे.

सर्वात आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळा खर्च तिच्यावर अवलंबून आहे. संगणक उशिरा सुरू होणे हा एक आजार आहे आणि सिनेमा अडखळणे हा दुसरा. दोघांची औषधे वेगळी आहेत. बाजारात पहिल्या आजाराचे औषध दुसऱ्यासाठी सर्रास विकले जाते. विकणारा प्रत्येक वेळी लबाड असतो असे नाही. बहुतेकांनी कारणच तपासलेले नसते.

कापडाची गाठ आणि सिनेमाची फाइल

सिनेमा म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे. आपल्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला, तेव्हा त्याची पट्टी सुमारे ३,७०० फूट लांब होती. त्या रुंदीच्या पट्टीवर एका फुटात १६ चित्रे बसतात. म्हणजे जवळजवळ ५९ हजार चित्रे. पुढे फाळक्यांनी नाशिकलाच कारखाना हलवला आणि १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्या काळी चित्रे मोजायची तर फुटपट्टी पुरत होती.

आता तोच हिशेब संगणकाच्या भाषेत करू. आजच्या ‘फुल एचडी’ चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट जागा लागते. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर एका सेकंदाला सुमारे १५ कोटी बाइट होतात आणि दोन तासांच्या सिनेमाला हजार जीबीच्या वर जागा लागते. हजार जीबीची अख्खी डिस्क एकाच सिनेमात भरून जाईल. प्रत्यक्षात आपल्याकडे येणारी फाइल मात्र दोन जीबीची असते.

हे कसे होते? आपल्या धंद्यात होते तसेच. सुटे कापड खोलीभर पसरते, पण दाबयंत्रात घालून गाठ बांधली की टेम्पोच्या एका कोपऱ्यात बसते. सिनेमाची फाइल ही अशीच दाबून बांधलेली गाठ आहे, आणि ती सुमारे पाचशे पट दाबलेली आहे. गाठ वाहून आणायला फार ताकद लागत नाही. ती उघडून, घडी मोडून, सेकंदाला २४ तागे पसरून दाखवायला मात्र ताकद लागते. खरे कष्ट तिथे आहेत.

आता डिस्कचा प्रश्न पाहा. दोन जीबीची फाइल दोन तासांत वाचायची, तर सेकंदाला पाव एमबीपेक्षा थोडे जास्त वाचावे लागते. दहा वर्षांची जुनी हार्ड डिस्कही धडधाकट असेल तर सेकंदाला ८०–१०० एमबी वाचते. मग सिनेमा अडखळतो म्हणून एसएसडी बसवून काय साधणार? गाठ आणणारी हातगाडी आधीच गरजेच्या तीनशे पट वेगवान आहे, तिच्या जागी मोटार आणली तरी गाठ उघडणारा माणूस तोच राहतो. एसएसडीने संगणक पटकन सुरू होतो, हे अगदी खरे आहे. पण तो पहिल्या आजाराचा इलाज झाला.

याला एक अपवाद आहे. हार्ड डिस्क मरायला टेकली असेल, तर ती एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि सिनेमा थांबतो. अशा वेळी बहुधा पेटीतून टक-टक आवाज येतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो डिस्कची तब्येत दाखवतो. त्यात ‘गुड’ ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये.

गाठीचे प्रकार आणि यंत्राची पिढी

गाठ बांधायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. २००३ साली आलेली एच.२६४ ही सर्वात रुळलेली. २०१३ साली एच.२६५ आली, तिला एचईव्हीसी म्हणतात. तीत तोच दर्जा सुमारे निम्म्या जागेत बसतो. गूगलची व्हीपी९ त्याच वर्षाची आणि एव्ही१ ही २०१८ ची. गाठ जितकी घट्ट, तितकी उघडायला अवघड.

संगणकात गाठ उघडायचे काम दोघे करू शकतात. एक म्हणजे प्रोसेसर, हा दुकानातल्या मुनीमासारखा. सगळी कामे करतो, पण सावकाश आणि डोके तापवून. दुसरा म्हणजे ग्राफिकच्या चिपमध्ये याच एका कामासाठी ठेवलेला भाग. तो हमालासारखा : त्याला फक्त गाठी उघडता येतात, पण त्या चुटकीसरशी. अडचण एवढीच की हमालाला ज्या प्रकारची गाठ शिकवून पाठवले, तेवढीच तो उघडतो. नव्या प्रकारची गाठ आली की तो हात बांधून उभा राहतो आणि सगळा भार मुनीमावर पडतो. सिनेमा अडखळतो तो बहुतेक वेळा इथे.

म्हणून आपल्या यंत्राचा हमाल कोणत्या काळातला आहे, हे आधी पाहावे. कापड घेताना आपण किनारीवरचा गिरणीचा छाप पाहतो, तसा इंटेलच्या प्रोसेसरवर छाप असतो. ‘आय थ्री’ किंवा ‘आय फाइव्ह’ एवढ्याने काहीच कळत नाही. त्यापुढचा आकडा वाचावा. आय थ्री-४१३० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. आय फाइव्ह-३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी. पाच आकडे असतील तर पहिले दोन धरावेत : १०४०० म्हणजे दहावी. “आय फाइव्ह आहे” असे सांगून दुसऱ्या पिढीचा माल देणारे आणि “मिलचा माल आहे” सांगून लोकल कापड देणारे, दोघेही एकाच जातकुळीचे.

दुसऱ्या पिढीपासून चौथ्या पिढीपर्यंतची, म्हणजे साधारण २०११ ते २०१४ मधली यंत्रे एच.२६४ ची गाठ आरामात उघडतात, पण एचईव्हीसीची पूर्ण कुवत त्यांच्या चिपमध्ये नाही. २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीत ती आली. दहा-बिट नावाची जास्त रंगांची एचईव्हीसी आणि व्हीपी९ नीट उघडणारी सातवी पिढी टेबलावरच्या संगणकात २०१७ मध्ये आली. एव्ही१ साठी तर अकरावी पिढी, २०२१ ची. आपल्या दुकानांतून माळ्यावर गेलेली यंत्रे बहुतेक तिसऱ्या-चौथ्या पिढीची असतात. आमच्याकडचेही तसेच आहे : चौथी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क.

आधी नाडी पाहा

यंत्रमाग बंद पडला की मालेगावचा जाणता कारागीर लगेच मोटार बदलायला सांगत नाही. ताणा तुटतो आहे की बाणा, धोटा झिजला आहे की सूतच कच्चे आहे, हे तो आधी पाहतो. इथेही तेच करावे. अडखळणारा सिनेमा लावून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ वर जावे.

सीपीयू ९०–१०० टक्क्यांवर चढलेला दिसला आणि जीपीयूच्या पानावरचे ‘व्हिडिओ डीकोड’ शून्याजवळ असले, तर समजावे की हमाल बसून आहे आणि मुनीम घाम गाळतो आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी आहे. डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल, तर एक तर डिस्क आजारी आहे किंवा मागे विंडोजची अद्ययावतीकरणे आणि व्हायरस-तपासणी चालू आहे. तिन्ही आकडे शांत असून इंटरनेटवरचाच सिनेमा तेवढा थांबत असेल, तर दोष संगणकाचा नाही, जोडणीचा आहे. पाच मिनिटांची ही तपासणी करून, आकडे कागदावर लिहून मगच बाजारात जावे. कागद हातात असलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानदार वेगळ्या भाषेत बोलतो, हे आपण व्यापारी जाणतोच.

फुकटचे इलाज

पैसे काढण्याआधी जे फुकट होते ते करावे. व्हीएलसी नावाचा प्लेअर घ्यावा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो निघाला आणि आजही मोफत आहे. बहुतेक सर्व प्रकारच्या फाइली तो उघडतो. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी दाखवायची सोय आपोआप मिळत नाही, तीही यात आहे. मात्र तो त्यांच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा.

यूट्यूब अडखळत असेल तर एक सोपी युक्ती आहे. यूट्यूब नव्या ब्राउझरला व्हीपी९ किंवा एव्ही१ ची गाठ पाठवते आणि जुन्या यंत्राचा हमाल ती घेत नाही. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचा छोटा जोड बसवला की यूट्यूब जुनी एच.२६४ गाठ देते. एक पैसा खर्च न होता प्रोसेसरचा भार उतरतो. त्याने ४के दर्जा मिळत नाही, पण फुल एचडी मिळतो आणि ३२ इंची पडद्याला तो पुरेसा आहे.

फाइल निवडतानाही हेच पाहावे. ४के चित्रात फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. टीव्हीच फुल एचडी असेल, तर ४के फाइल लावणे म्हणजे चौपट गाठ उघडून त्यातला पाऊण माल फेकून देणे.

पेटीतली धूळ हा आपल्या बाजारातला कायमचा आजार. कापड दुकानात तर सुताचे तंतू पंख्यात नमदा होऊन बसतात. यंत्र तापले की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि सिनेमा अर्ध्या तासानंतर अडखळू लागतो. सुरुवातीला ठीक आणि नंतर बिघाड, ही तापण्याची खूण. वीज काढून, पेटी गॅलरीत नेऊन ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, गरगर फिरू देऊ नये. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट दहा वर्षांत वाळून खडू झालेली असते. ती बदलायला फारसा खर्च येत नाही.

आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२. तो संपला की संगणकाची तारीख दर वेळी मागे जाते, आणि तारीख चुकली की इंटरनेटवरची पाने “सुरक्षित नाही” म्हणून उघडत नाहीत. अशा यंत्राला व्हायरस लागला असे सांगून पैसे घेतल्याची उदाहरणे आहेत. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

पेटी उघडण्यापूर्वी

हे कलम घाईत वगळू नये. त्या डिस्कवर दुकानाचे हिशेब आहेत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. सिनेमाच्या नादात ते गेले तर नोटीस आल्यावर काय दाखवणार? म्हणून टॅलीचा सगळा डेटा दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक नव्या संगणकावर. उतरवला एवढ्यावर समाधान मानू नये. नव्या संगणकावर तो उघडून तीन-चार जुनी बिले पाहावीत आणि मगच दुरुस्तीवाल्याला हात लावू द्यावा.

जुनी डिस्क “एक्स्चेंज”मध्ये देऊ नये. तिच्यात गिऱ्हाइकांचे फोन, उधारीच्या याद्या, बँकेचे कागद असतात, आणि फाइली नुसत्या पुसल्याने त्या जात नाहीत. परत मिळवता येतात.

आता खर्च, आणि त्याचा क्रम

पहिला खर्च एसएसडीचा. सिनेमासाठी तिचा उपयोग नाही असे वर म्हटले, तरी ती घ्यावी, कारण घरातली माणसे दुकानदारासारखी पाच मिनिटे वाट पाहत बसत नाहीत. २५६ जीबी पुरे. तिच्यावर फक्त विंडोज ठेवावे, सिनेमे जुन्या हार्ड डिस्कवर, अर्थात ती ‘गुड’ असेल तर. नामांकित कंपनीची, बिलासह आणि वॉरंटीसह घ्यावी. स्वस्तात “नवी” म्हणून मिळालेली एसएसडी किती तास चालली आहे, ते क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच दिसते. नव्या मालावर हजारो तास दिसले तर तो परत करावा. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला माल भरायला जाणारे आपले बंधू लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणतात. भावात फरक पडतो हे खरे, पण बिघडलेला भाग बदलून घ्यायला पुन्हा मुंबई गाठावी लागते. तो प्रवास हिशेबात धरावा आणि मग एम. जी. रोडचा भाव महाग वाटतो का ते पाहावे.

दुसरा रॅमचा. ४ जीबीची ८ करावी, त्यापुढे सिनेमाला गरज नाही. डीडीआर २, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसऱ्यात बसत नाही, म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात बरोबर न्यावी. २०२५ च्या अखेरीस नव्या मेमरीचे भाव जगभर भडकले. आपल्याला लागणारी डीडीआर ३ मात्र जुन्या बाजारात मिळते, आणि रॅम हा भाग जुना घ्यायला फारशी हरकत नाही. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्या बऱ्या, कारण आतली ग्राफिक चिप त्याच रॅमवर काम करते. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ते वापरतच नाही. तेव्हा आधी ते ६४-बिट करून घ्यावे.

तिसरा, ग्राफिक कार्डाचा, आणि इथेच सर्वात जास्त फसगत होते. एच.२६४ च्या फाइली आणि यूट्यूब वरच्या इलाजांनी नीट चालत असतील, तर कार्ड घेऊच नये. एचईव्हीसीच्या फाइली पाहायच्याच असतील, तर कार्डात ती गाठ उघडणारा हमाल आहे ना, हे विचारावे. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे “सिनेमासाठी” म्हणून गळ्यात मारली जातात. त्यांच्यात एचईव्हीसीची ही कुवत नाही. म्हणजे पैसे गेले आणि काम मुनीमाकडेच राहिले. २०१७ च्या जीटी १०३० मध्ये ती आहे, दहा-बिट आणि व्हीपी९ सुद्धा. ते सुमारे ३० वॅटच खाते, वेगळी वीज जोडावी लागत नाही, त्यामुळे जुन्या एसएमपीएसवर चालते. कंपन्यांतून निघालेल्या चपट्या पेट्या असतील तर कार्ड ‘लो प्रोफाइल’ म्हणजे अर्ध्या उंचीचे हवे, नाहीतर झाकण लागणार नाही.

कार्डाची किंमत ऐकल्यावर एक तुलना जरूर करावी. टीव्हीला लावायची स्टिक मिळते, तिच्यात एचईव्हीसीचा हमाल आधीच असतो आणि वीज पाच वॅटच्या आसपास. कार्ड त्या स्टिकपेक्षा महाग पडत असेल, तर संगणक डीव्हीडी आणि साठवलेल्या फाइलींपुरता ठेवावा आणि इंटरनेटच्या सिनेमासाठी स्टिक घ्यावी. विजेचा हिशेबही सोपा आहे. संगणक ५० वॅट धरला, रोज ३ तास, तर महिन्याला साडेचार युनिट. युनिट १० रुपये धरला तर ४५ रुपये. हे ओझे नाही, पण शून्यही नाही.

कोअर टू ड्युओच्या काळातले यंत्र असेल, तर माझे मत स्पष्ट आहे : धूळ झाडा, व्हीएलसी टाका, डीव्हीडी पाहा, आणि एक रुपयाही घालू नका. तेवढ्या रकमेत थोडी भर घातली तर आठव्या पिढीचे वापरलेले कार्यालयी यंत्र पाहता येते. त्यात एचईव्हीसी, व्हीपी९ दोन्ही आहेत आणि विंडोज ११ अधिकृतपणे चालते.

जोडणी आणि आवाज

जुन्या यंत्राला निळे व्हीजीए तोंड असते, टीव्हीला एचडीएमआय. नुसती तोंडे बदलणारी स्वस्त तार इथे चालत नाही, कारण दोन्हींची भाषाच वेगळी आहे. मध्ये बदल करणारा डबा लागतो. पांढरे डीव्हीआय तोंड असेल तर साधी तार चित्र नेते. कंपन्यांच्या यंत्रांना डिस्प्लेपोर्ट असते, त्यापासून एचडीएमआयची तार मिळते. व्हीजीएतून आवाज जात नाही, त्यासाठी हिरव्या भोकातून वेगळी तार काढावी. एचडीएमआय जोडूनही आवाज आला नाही, तर खाली उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर टिचकी मारून टीव्हीचे नाव निवडावे. एवढ्यासाठी लोक यंत्र उचलून दुकानात नेतात.

चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधावे. वाय-फायचा छोटा डोंगल पेटीच्या मागे लावू नये, तिथे भिंत आणि पत्रा दोन्ही आडवे येतात. यूएसबीच्या लांब तारेवर पुढे आणावा. फुल एचडीला ५ एमबीपीएसचा सलग वेग पुरतो. जमत असेल तर सरळ लॅनची तार ओढावी.

विंडोजचा प्रश्न

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देण्याचे कंपनीने जाहीर केले होते. चौथ्या पिढीच्या यंत्राला विंडोज ११ अधिकृतपणे लागत नाही. अशा यंत्रावर सिनेमा पाहण्यास हरकत नाही, पण बँकेचे काम, जीएसटीचा लॉगिन, गिऱ्हाइकांचे कागद त्यावर अजिबात उघडू नयेत. चोरीचे विंडोज घेण्यापेक्षा लिनक्स मिंट मोफत आहे. ते पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, आधी चालवून पाहता येते. पैसे भरून सिनेमे दाखवणाऱ्या काही सेवा मात्र अशा यंत्रावर मुद्दाम कमी दर्जाचे चित्र देतात. तो त्यांच्या कुलपाचा नियम आहे, आपल्या यंत्राचा दोष नव्हे.

“डिस्क घ्या, पाचशे सिनेमे फुकट भरून देतो” असे कोणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात चोरून सिनेमा उतरवणे आणि पसरवणे याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. व्यापाऱ्याने दुकानाच्या नावाच्या बिलावर असला माल घरी आणणे शहाणपणाचे नाही.

घरातल्या सीडी

एवढे झाल्यावर या यंत्राचे सर्वात मोलाचे काम सुरू होते, आणि ते कोणतीही स्टिक करू शकत नाही. जुन्या पेटीला सीडी-डीव्हीडीचे खण आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची लग्ने, हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांना निरोप, आज हयात नसलेली माणसे, हे सारे व्हीसीडीवर आहे आणि त्या चकत्या वर्षागणिक खराब होत आहेत. आपल्या जिल्ह्याने व्हिडिओचा तो जमाना चांगलाच पाहिला आहे. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ साधनांवरच केला. २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटाने ती धडपड जगाला दाखवली आणि २०२५ मध्ये त्यावर मोठा हिंदी चित्रपटही लागला. त्या काळच्या व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते. मोठ्या टीव्हीवर ते फिकट आणि फुटलेले दिसणारच, त्यासाठी कार्ड विकत घेऊन फरक पडत नाही. खिडकी थोडी लहान करून पाहावे.

चकती खणात घालून उघडावी. व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या घडीत डॅट फाइली असतात, डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाची घडी असते. ती जशीच्या तशी डिस्कवर उतरवावी, नाव आणि साल घालावे. व्हीएलसी दोन्ही उघडतो. डीव्हीडीच्या चित्रात हलताना आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएलसीच्या व्हिडिओ यादीत ‘डीइंटरलेस’ चालू करावे. चकती वाचली जात नसेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही, आणि तरी जमले नाही तर दुसऱ्याच्या संगणकाच्या खणात घालून पाहावी. एक खण नाकारतो ती चकती पुष्कळदा दुसरे वाचते. उतरवलेली प्रत दुसऱ्या डिस्कवरही ठेवावी आणि मूळ चकत्या उन्हापासून दूर, उभ्या ठेवाव्यात.